मी नॉर्मल नाहीये, मला ऐकू येतं

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला बघायला एक कुटुंब आलं होतं. 'बघायला' म्हटलं की तुमच्यातले निम्मे इथूनच पुढे सरकतील, पण थांबा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला मी शिव्या घालणार नाहीये, ते काम आधीच पुष्कळांनी केलंय. मुलगा बरा होता, त्याचे आईवडील बरे होते, पोहेही बरे झाले होते. मला बोलायचंय ते त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये उच्चारल्या गेलेल्या एका शब्दाबद्दल.

माझा दादा सोफ्याच्या टोकाला बसला होता. दादाला ऐकू येत नाही. मुलाच्या मावशीने त्याला काहीतरी विचारलं, तो नुसता हसला, आणि आई पुढे सरसावली. "हा मोठा. त्याला ऐकू येत नाही. जन्मतः नाही हो, दीड वर्षाचा असताना मेंदूज्वर झाला, त्यात गेलं." मावशी "अरेरे" म्हणाल्या. मग त्यांची नजर दादावरून माझ्यावर आली. "पण ही…?"

"छे छे!" आई म्हणाली. "ही अगदी नॉर्मल आहे."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. मीही मान डोलावली. म्हणजे मी साक्ष दिली, की हो, मी नॉर्मल आहे.

आता एक गोष्ट. दादा ओठांवरून बोलणं वाचतो. हे सिनेमात दाखवतात तितकं सोपं नसतं. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' यांत त्याला काही फरक दिसत नाही, कोण समोर आहे यावरून तो ठरवतो. क, ग, ह तर घशातच राहतात, दिसतच नाहीत. त्यामुळे दादा बराचसा अंदाज बांधतो. पण 'नॉर्मल' हा शब्द वाचायला त्याला अंदाज बांधावा लागत नाही. ओठ आधी गोल होतात, मग मिटतात, मग उघडतात, आणि हे घडतं तेव्हा बोलणारा माणूस आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत असतो. तेहतीस वर्षांत हा शब्द त्याने इतक्या ओठांवर पाहिलाय, की खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही तो त्याला ओळखतो.

त्याने काही केलं नाही. रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि आत गेला. मी मागून गेले. त्याने हातांनी विचारलं, आई काय म्हणाली? मी हातांनी सांगितलं, चहात साखर कमी पडली म्हणाली. तो हसला. ते हसणं मला नीट कळतं. मी खोटं बोलले की तो असाच हसतो.

तर हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: माणसाला नॉर्मल म्हणणं हा अपमान आहे. ज्याला वगळून म्हटलं जातं त्याचा तर आहेच, पण ज्याला म्हटलं जातं त्याचाही आहे.

पहिला अर्धा भाग तुम्हाला पटेल. दुसऱ्या अर्ध्या भागावर तुम्ही हसाल. "बिचारी! हिला नॉर्मल म्हटलं म्हणून हिच्या भावना दुखावल्या!" मला माहितेय. मीही हसले असते.

आधी शब्दाकडे बघू. 'नॉर्मल'चं मूळ लॅटिनमधल्या 'नॉर्मा' या शब्दात आहे. नॉर्मा म्हणजे सुताराचा काटकोन. तुमच्या शाळेच्या कंपासपेटीत दोन त्रिकोणी गुण्ये होते, आठवतंय? तेच ते. दादाने आयटीआयमध्ये सुतारकाम केलंय आणि आज तो एका फर्निचरच्या कारखान्यात काम करतो. त्याच्या पिशवीत लोखंडी गुण्या असतो. दाराची चौकट गुण्यात आहे की नाही हे तो त्यावर बघतो. मूळ अर्थाने बघायचं तर आमच्या घरात नॉर्मल काय असतं हे ठरवण्याचा अधिकार फक्त दादाला आहे, आणि तोही फक्त लाकडाबाबत.

भूमितीत आणि प्रकाशाच्या धड्यात हा अर्थ अजून जिवंत आहे. आरशावर काढलेली जी रेघ आपण 'स्तंभिका' म्हणून पाठ केली, तिला इंग्रजीत नॉर्मल म्हणतात. मास्तरांना शिकवायचं कसं याचे नियम घालून देणारी शाळा ती नॉर्मल स्कूल. सावित्रीबाई फुल्यांच्या काळात शिक्षकांना घडवणाऱ्या संस्थांना हेच नाव होतं. म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत रेघ नॉर्मल असू शकत होती, शाळा नॉर्मल असू शकत होती. माणूस नॉर्मल असण्याची भानगड अलीकडची आहे.

ती सुरू कशी झाली? अडोल्फ केटले नावाचा एक बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ होता. ताऱ्यांची जागा मोजताना प्रत्येक निरीक्षकाचं माप थोडं वेगळं येतं. ती सगळी मापं मांडली की मधोमध गर्दी होते आणि दोन्ही बाजूंना ती विरळ होत जाते. मधलं माप खरं, बाकीच्या चुका. केटलेने हीच युक्ती माणसांना लावली. स्कॉटिश सैनिकांच्या छातीची पाच हजारांहून जास्त मापं त्याने मांडली आणि तोच घंटेसारखा आकार आला. १८३५ सालच्या ग्रंथात त्याने 'सरासरी माणूस' मांडला होताच. इथे त्याने एक उडी मारली, आणि ती अजून आपल्याला महागात पडतेय. त्याच्या लेखी सरासरी माणूस हाच निसर्गाचा खरा नमुना होता, आणि आपण बाकीचे सगळे, ताऱ्याच्या चुकलेल्या मापासारखे, निसर्गाच्या हातून झालेल्या चुका.

बघा काय झालं. 'बहुतेक जण असे आहेत' या वाक्याचं 'सगळ्यांनी असं असायला हवं' हे वाक्य झालं. पहिलं मोजमाप आहे, दुसरा हुकूम आहे. 'नॉर्मल' या शब्दात ही दोन्ही वाक्यं इतकी घट्ट चिकटलीत की बोलणाऱ्यालाही आपण कुठलं बोलतोय ते कळत नाही. म्हणूनच आक्षेप घेतला की लोक पहिल्या अर्थाच्या आड लपतात. "अगं, नॉर्मल म्हणजे फक्त सर्वसाधारण, त्यात काय एवढं?" आणि तुमची पाठ वळली की दुसरा अर्थ वापरतात.

नंतर आला फ्रान्सिस गॉल्टन. त्याने केटलेची घंटा तशीच ठेवली, पण त्याला मधल्या माणसाचं कौतुक नव्हतं. त्याला टोकावरची हुशार माणसं हवी होती. १८८६ सालच्या त्याच्या प्रसिद्ध निबंधाच्या नावातच सरासरीसाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'सुमारपणा' असा होतो. चांगल्या वंशाची पैदास वाढवण्याच्या शास्त्राला 'युजेनिक्स' हे नाव त्यानेच १८८३ साली दिलं. म्हणजे नॉर्मल माणूस जन्माला आला तेव्हापासूनच त्याचे दोन बाप आहेत. एक म्हणतो हा आदर्श, दुसरा म्हणतो हा सुमार. नॉर्मल म्हटल्यावर आपल्याला कधी बरं वाटतं आणि कधी टोचतं, ते उगीच नाही.

त्याच १८८३ साली अमेरिकेत आणखी एका माणसाने एक निबंध वाचला. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. विषय असा की बहिरी माणसं बहिऱ्या माणसांशीच लग्नं करत राहिली तर माणसांची एक बहिरी जातच तयार होईल, आणि हे थांबवायला हवं. उपाय? बहिऱ्या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या निवासी शाळा नकोत, खुणांची भाषा नको, बहिरे शिक्षक नकोत. बेलची आई बहिरी होती. बायको बहिरी होती. तो दुष्ट नव्हता. त्याला बहिऱ्या मुलांचं भलंच करायचं होतं. त्यांना नॉर्मल करायचं होतं.

त्याआधी तीन वर्षं, १८८० साली, इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांना शिकवणाऱ्यांची परिषद भरली होती. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडानेच बोलायला शिकवायचं, खुणा बंद. जगभरच्या शाळांनी हे उचललं. त्या ठरावांबद्दल याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हरमध्ये. मध्ये एकशे तीस वर्षं गेली.

ती एकशे तीस वर्षं आमच्याही घरात आली होती. दादा ज्या शाळेत होता तिथे वर्गात हात हलवले की पट्टी बसायची. मुलांनी हात मांडीखाली दाबून बसायचं आणि मॅडमच्या ओठांकडे बघत 'प-प-प' करायचं. एक 'प' आला की पेढे. दादा आठवीपर्यंत ओठ बघायला आणि आवाज काढायला शिकला. इतिहास नाही, भूगोल नाही, अपूर्णांक तर जेमतेम. पण रात्री वसतिगृहात, दिवे गेल्यावर खिडकीतून येणाऱ्या उजेडात, मोठी मुलं लहान मुलांना खुणांची भाषा शिकवत. दादाकडे आज जी भाषा आहे, जोक आहेत, भांडणं आहेत, राजकारणावरची मतं आहेत, ती सगळी त्या चोरट्या वर्गातून आलीत. शाळेने त्याला नॉर्मल करायचा प्रयत्न केला आणि त्या नादात त्याला शिकवायचं राहून गेलं.

आई आजही त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलते. तिला खुणा येत नाहीत. "शाळेत सांगितलं होतं, घरी खुणा करू नका, नाहीतर तो बोलणार नाही." तिने ते मन लावून पाळलं. आपल्या मुलाशी गप्पा मारण्याची संधी तिने त्याच्याच भल्यासाठी सोडून दिली. मला हे लिहिताना तिचा राग येत नाही. त्या शब्दाचा येतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आता 'दिव्यांग' म्हणतात, 'विशेष' म्हणतात. २०१६ च्या कायद्यात सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वं आली. हो, कायद्याने फरक पडला, संवादाच्या व्याख्येत खुणांची भाषाही आली. पण शब्द बदलण्याचा खेळ बघा. आंधळा, अपंग, विकलांग, दिव्यांग. सीसॉच्या एका टोकाचं नाव आपण दर वीस वर्षांनी बदलतो आणि दुसऱ्या टोकाला हातही लावत नाही. 'विशेष मुलं आणि नॉर्मल मुलं' असं वाक्य कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐका. 'विशेष'चा अर्थ त्या वाक्यात काय होतो ते 'नॉर्मल'च ठरवतो. दादाला देवाने काही दिव्य अवयव दिलेला नाही. त्याला कान आहेत, ते चालत नाहीत. त्याला 'बहिरा' म्हटलेलं चालतं. त्याच्या ग्रुपवर ते एकमेकांना तसंच म्हणतात. त्याला चालत नाही ते मला नॉर्मल म्हटलेलं.

आणि आईच्या त्या पहिल्या वाक्याकडेही बघा. "जन्मतः नाही हो." हे आम्ही पाहुण्यांना तीस वर्षं सांगत आलोय. खरं आहे ते. पण त्या 'नाही हो'मध्ये काय आहे? दादा मुळात नॉर्मल होता, आजाराने बिघडला, रक्तात दोष नाही. म्हणजे जे जन्मतः बहिरे आहेत त्यांच्या रक्तात दोष आहे, हे आम्ही त्याच दमात मान्य केलं. दादाचे जवळचे मित्र जन्मतः बहिरे आहेत. आमच्या घरी येऊन जेवतात. आपली लाज झाकायला आम्ही त्यांचं पांघरूण ओढतो.

आता माझ्याकडे येते. दुसरा अर्धा भाग.

घरात मी नॉर्मल होते. याचा रोजचा अर्थ असा की मला काही होत नसे. दहावीच्या वर्षी माझं मन भयंकर उदास होतं, चार-चार दिवस केस विंचरावेसे वाटत नसत. आई म्हणाली, "तुला काय झालंय? देवाने सगळं धड दिलंय तुला." ती चूक नव्हती. तिच्या हिशेबात घरातला त्रासाचा रकाना आधीच भरला होता. नॉर्मल माणसाने पास व्हायचं, मदत करायची, समजून घ्यायचं. "तू नॉर्मल आहेस ना, मग तू समजून घे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा मी देवाला मनापासून म्हटलं होतं, मला चष्मा तरी लागू दे.

हसा. पण मग सांगा, नॉर्मल हे माझं वर्णन आहे का? माझ्याबद्दल त्यातून काय कळतं? मी उंच की बुटकी, मला गणित आवडतं की गाणं, मी रागीट की भित्री? काहीच नाही. त्यातून इतकंच कळतं की मी दादासारखी नाही. माझ्या नावाने बोललं जातं ते खरं तर त्याच्याबद्दल असतं. मला त्या दिवाणखान्यात नॉर्मल म्हटलं तेव्हा माझी कुणी स्तुती केली नाही. दुकानदार कपबशी ठोकून दाखवतो, 'बघा, तडा नाही', तसं मला ठोकून दाखवलं. आणि मी खणखणीत वाजले.

याला पुरावा म्हणून एक गंमत सांगते. १९४५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एका वृत्तपत्राने स्पर्धा घेतली होती. तिथल्या आरोग्य संग्रहालयात 'नॉर्मा' नावाचा एक पुतळा होता. हजारो तरुण बायकांची मापं घेऊन, त्यांची सरासरी काढून एका डॉक्टरने आणि एका शिल्पकाराने तो घडवला होता. ही म्हणे नमुनेदार नॉर्मल बाई. वृत्तपत्राने विचारलं, तुमचं शरीर नॉर्माशी जुळतं का? ३,८६४ जणींनी मापं पाठवली. सगळी मापं जुळणारी बाई एकही निघाली नाही. जिंकलेलीसुद्धा फक्त त्यातल्या त्यात जवळची होती. यातून शहाण्या माणसाने काय निष्कर्ष काढावा? नॉर्मा नावाची बाई अस्तित्वात नाही. तेव्हा मात्र लोकांनी बायकांनाच दोष दिला, व्यायाम करत नाहीत म्हणून.

अमेरिकेच्या हवाई दलाने पुढच्या काही वर्षांत हीच गोष्ट जास्त शहाणपणाने केली. कॉकपिट सरासरी वैमानिकाच्या मापाचं होतं आणि तरी विमानं हाताळता येत नव्हती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती? शून्य. मग त्यांनी वैमानिकांना दोष दिला नाही, खुर्ची मागे-पुढे सरकणारी केली. आज तुम्ही गाडीत बसल्यावर सीट सरकवता, त्यामागे हा विचार आहे.

म्हणजे मला नॉर्मल म्हणणारा माणूस मला अशा माणसाचं नाव देतोय, जो कधी जन्मालाच आला नाही. माझा अपमान हा आहे.

आणि आता माझीही झडती घेते, कारण या शब्दाचा फायदा मी भरपूर खाल्लाय. कॉलेजला पुण्यात आले तेव्हा रूममेटने पहिल्याच आठवड्यात हात जोडले, "तू प्लीज नॉर्मल मराठीत बोल ना." मी मिरजेची. 'काय करालीस?' हे माझं नॉर्मल होतं. मला राग आला. पण त्याच खोलीत तिसरी मुलगी होती. तिच्या प्रवेशाच्या यादीत नावापुढे प्रवर्ग लिहिलेला होता, माझ्या नावापुढे 'खुला'. मी तिला एकदा फार उदारपणे म्हणाले होते, "आमच्यात जात वगैरे काही मानत नाहीत." ती म्हणाली, "तुम्हाला मानायची गरजच काय?" मला ते कळायला काही वर्षं गेली. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांचा २०१३ सालचा एक निबंध आहे, 'जनरल कॅटेगरी'चं चरित्रच म्हणा ना. जातीचे सगळे फायदे घेऊन झाल्यावर वरच्या जाती स्वतःला जातच नसल्यासारख्या कशा वावरतात, आणि जात असणं ही फक्त इतरांची ओळख कशी होऊन बसते, हे त्यात मांडलंय. ते वाचताना मला आमचा दिवाणखाना आठवला. नॉर्मल म्हणजे ज्याला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही तो.

म्हणूनच जेव्हा कुणी या बिनलेबलाच्या माणसाला लेबल लावतं तेव्हा तो चवताळतो. दादाच्या ग्रुपमध्ये माझ्यासारख्यांसाठी एक खूण आहे. तिचा अर्थ 'ऐकणारी'. पहिल्यांदा ती माझ्याकडे बोट दाखवून कुणीतरी केली तेव्हा मला कसंतरीच झालं. मी का ऐकणारी? मी साधी माणूस! मग लक्षात आलं की दादाला आयुष्यभर असंच होत असणार. ऑटिझम असलेले लोक बाकीच्यांना 'न्यूरोटिपिकल' म्हणतात, ट्रान्स लोक बाकीच्यांना 'सिस' म्हणतात, तेव्हा कमेंट करणाऱ्यांचं पित्त खवळतं. "आम्हाला कशाला नावं ठेवता? आम्ही नॉर्मल आहोत." भाऊ, नाव ठेवलं नाही, नाव दिलं. 'ऐकणारी' यात शिवी नाही. त्यातून माझ्याबद्दल एक खरी गोष्ट कळते आणि दादाबद्दल वाईट काही कळत नाही. लेबल अपमानास्पद आहे का हे ओळखायची माझी कसोटी एवढीच आहे: ते माझ्याबद्दल काही सांगतं, की माझ्या शेजारच्याला खाली ढकलतं?

काही आक्षेप आहेत, आणि ते फालतू नाहीत.

डॉक्टरांचं काय? रक्तातली साखर नॉर्मल आहे हे सांगायला नको? जरूर सांगा. साखर नॉर्मल असू दे, ताप नॉर्मल असू दे. रिपोर्टमधल्या आकड्याला अपमान कळत नाही. आकडा ओलांडून शब्द माणसावर येऊन बसतो तिथे माझं भांडण सुरू होतं. 'नॉर्मल डिलिव्हरी' घ्या. सिझेरियन झालेल्या माझ्या मैत्रिणीला सासरच्या बायकांनी हळहळून विचारलं, "नॉर्मल नाही झाली?" जणू पोट कापून मूल बाहेर काढणं ही तिची आळशीपणातून झालेली चूक होती.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. कित्येकांनी नॉर्मल म्हणवून घेण्यासाठीच तर लढे दिलेत. समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने काढलं १९७३ साली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली, आणि आपल्याकडे तो गुन्हा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ६ सप्टेंबर २०१८ ला. त्या दिवशी रस्त्यात नाचणाऱ्यांना जाऊन मी सांगू का, की नॉर्मल हा अपमान आहे? नाही सांगणार. पण त्यांनी जिंकलं काय ते नीट बघा. 'आम्ही नॉर्मल आहोत' हे प्रमाणपत्र त्यांनी जिंकलं नाही. ते प्रमाणपत्र कुणालाच दाखवावं न लागणं, हे जिंकलं. दादाही म्हणतो, मला नॉर्मल आयुष्य हवंय. म्हणजे बँकेत कुणीतरी कागदावर लिहून बोलेल, रेल्वेची घोषणा फलाटावर लिहून येईल, पगार बाकीच्या सुतारांइतका मिळेल असं आयुष्य. आयुष्य नॉर्मल मागणं हा हक्क आहे. माणूस नॉर्मल मागणं ही निवड आहे, धान्यातले खडे काढतात तशी.

तिसरा आक्षेप माझ्याच वयाच्या लोकांकडून येतो. ते म्हणतात, बरोबर, नॉर्मल असणं बोअरच आहे, आपण सगळे वेडे, विचित्र, वेगळे. बायोमध्ये 'वियर्डो' लिहायचं आणि दहा ते सहा नोकरी करून डबा खाणाऱ्याला 'नॉर्मी' म्हणून हिणवायचं. हा गॉल्टनचाच वारसा आहे, फक्त टी-शर्ट नवीन आहे. सरासरी म्हणजे सुमार, टोकावर आम्ही. माझे वडील वीज मंडळात होते. तीस वर्षं रोज तोच डबा, तीच सायकल. वादळात रात्री दोन वाजता खांबावर चढणारा माणूस कुठल्या अंगाने सुमार होता? आणि वेगळेपण मिरवणाऱ्याला ते हवं तेव्हा उतरवून ठेवता येतं. दादाला येत नाही.

त्या स्थळाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. होकार आला. मी मुलाला फोनवर हे सगळं बोलले, याहून तुटक आणि याहून रागाने. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "पण तू नॉर्मलच आहेस ना, मग तू का एवढी पेटतेस?" वाईट माणूस नव्हता तो. मला पुढे जाता आलं नाही.

मे महिन्यात दुसरे पाहुणे आले. तसेच पोहे, दादा तिथेच सोफ्याच्या टोकाला. आई म्हणाली, "जन्मतः नाही हो," आणि पुढचा शब्द तिच्या ओठांवर यायच्या आत मी बोलले, "मला ऐकू येतं, त्याला येत नाही. त्याला खुणांची भाषा येते, आईला येत नाही. मला दोन्ही येतं, पण माझी भाषा त्याच्याएवढी चांगली नाही." बोलताना मी हातांनीही तेच सांगत होते, म्हणजे दादालाही कळावं. पाहुणे गडबडले. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी काय तुझं वाईट करायला म्हणत होते का?" नव्हतीच म्हणत. तिला एकाच गोष्टीची भीती आहे, की ती गेल्यावर आमचं कसं होईल. त्या भीतीपायी तिने हाताशी होता तो शब्द वापरला. तो शब्द तिच्या हाताशी कुणी ठेवला, एवढाच माझा प्रश्न आहे.

तुम्हाला मी शब्दबंदी करायला सांगत नाहीये. फक्त पुढच्या वेळी कुणा माणसाला नॉर्मल म्हणाल तेव्हा थांबून बघा, त्या क्षणी खोलीत आणखी कोण बसलंय. आणि तुम्हाला कुणी नॉर्मल म्हटलं तर माझ्यासारखी मान डोलवू नका.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर दादा कप गोळा करून आत आला. मी त्याला सगळं सांगितलं, दिवाळीनंतरचं चहातल्या साखरेचं खोटंसुद्धा. त्याने पूर्ण होईस्तोवर माझ्या हातांकडे बघितलं. मग ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, ते राहू दे, मुलगा कसा होता?